कामठ्याची शिरगणती

कामठा म्हटले की नागपूरकडचा माणूस हटकून विचारतो, "म्हणजे कामठीच ना?" कामठी निराळी. ती कन्हानच्या काठची, इंग्रजांच्या छावणीची. आमचा कामठा गोंदिया तालुक्यात, बालाघाट जिल्ह्याची हद्द जिथून फार दूर नाही अशा धानाच्या मुलखात. एके काळी तो एका मोठ्या जमीनदारीचे ठाणे होता. आज त्याला गाव म्हणावे तर बाजारपेठ आहे, शहर म्हणावे तर भोवती बांध्या आहेत. लहरीबाबांच्या आश्रमामुळे बाहेरची माणसेही येतात. या गावाबद्दल मी लिहायला बसलो त्याला कारण माझे विद्यार्थी.

मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दोन वर्षांपूर्वी बी. ए.च्या मुलांना मी आपापल्या गावाचा इतिहास लिहून आणायला सांगितले. कामठ्याच्या बाजूच्या एका मुलीने चार पाने लिहिली. त्यात जमीनदार होते, किल्ला होता, तलाव होते. शेवटी 'लोकसंख्या' या मथळ्याखाली एक आकडा आणि त्यापुढे एकच वाक्य होते : "गावात अठरापगड जातीचे लोक गुण्यागोविंदाने राहतात." मुलगी आपल्यातलीच, टोलीतली. मी तिला विचारले, "या अठरांत तुझे घर कुठे आहे?" ती हसली आणि म्हणाली, "सर, ते लिहायचं असते का?"

ते लिहायचे असते का, या प्रश्नापाशी मी अजून अडून आहे. गावाची लोकसंख्या म्हणजे डोकी मोजून काढलेली बेरीज, असे आपण शाळेत शिकतो. परंतु डोके मोजण्यापूर्वी ते कोणत्या रकान्यात टाकायचे हे कोणीतरी ठरवलेले असते, आणि आमच्या समाजाच्या बाबतीत तो रकाना गेल्या दीडशे वर्षांत इतक्या वेळा बदलला आहे, की त्याच झोपडीत राहणारे तेच कुटुंब एका गणतीत दिसते आणि दुसऱ्या गणतीत दिसेनासे होते.

कामठ्याचा लिखित इतिहास जमीनदारांचा आहे. भोसल्यांच्या राजवटीत ही जमीनदारी एका कुणबी घराण्याकडे होती. १८१८ साली आप्पासाहेब भोसल्यांचा इंग्रजांशी बेबनाव झाला तेव्हा इथला जमीनदार चिमणा पटेल याने आप्पासाहेबांच्या बाजूने बंड केले. इंग्रजी फौज चालून आली, कामठ्याचा किल्ला पडला आणि जमीनदारी पुढे लोधी घराण्याकडे गेली. चिमणा पटेलाचे नाव या भागात अजून अभिमानाने घेतले जाते आणि ते घ्यावे. पण त्या किल्ल्याची माती कोणी वाहिली आणि बंड मोडल्यावर कोणाची घरे जळाली, याविषयी लिहिताना कोणाची लेखणी झिजलेली नाही. मालक बदलला, कुणब्याऐवजी लोधी आला. टोली जिथल्या तिथे राहिली.

या मुलखात माणसे थरांनी आली आहेत. गोंड सर्वांत जुने. हलबा आमगाव-देवरीच्या बाजूला अधिक. वैनगंगेच्या खोऱ्यात पोवार आले ते भोसल्यांच्या फौजेबरोबर, असे त्यांची परंपरा सांगते. ते आपले मूळ माळव्यात, धारेला नेतात. लोधी उत्तरेकडून, बुंदेलखंडाच्या बाजूने उतरले. कुणबी, तेली, मरार, कलार, ढिवर, गोवारी हे आहेतच. बाजाराच्या दिवशी कामठ्याच्या रस्त्यावर उभे राहिले तर पोवारी, लोध्यांची हिंदीकडे झुकलेली बोली, आमची झाडीकडची मराठी आणि व्यापाऱ्यांची हिंदी एकाच वेळी कानावर पडते. याचे कौतुक गॅझेटियरकारांनी भरपूर केले आहे. महार मात्र त्या वर्णनात 'गावचे चाकर' म्हणून येतात, किंवा जाडेभरडे कापड विणणारे म्हणून. आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या महारांत मागाचा धंदा मोठा होता. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, ऐंशीच्या दशकात गोंदियावरून रेल्वे गेली, आणि गिरणीचे कापड आठवडी बाजारात येऊन पडले. माग थांबले. ज्या हातांना विणता येत होते ते हात रोवणीच्या चिखलात आणि पुढे विडीच्या सुपात गेले. जनगणनेच्या धंद्यांच्या तक्त्यात हे स्थित्यंतर 'विणकर' कमी आणि 'शेतमजूर' जास्त एवढ्याच भाषेत नोंदले जाते.

आता कोतवालाच्या वहीविषयी सांगतो, कारण माझ्या दृष्टीने कामठ्याच्या भागाचा खरा लोकसंख्येचा इतिहास तिच्यात आहे.

मध्यप्रांतात गावोगाव कोतवाल असे. आमच्याकडे हे काम बहुतेक महाराकडेच. गस्त घालणे, सरकारी माणूस आला की त्याचे ओझे वाहणे, दवंडी देणे, मेलेले जनावर ओढणे, आणि याखेरीज आणखी एक काम : गावात जन्मलेल्या आणि मेलेल्यांची वर्दी ठाण्यात देणे. त्यासाठी त्याच्याजवळ एक वही असे. आठवड्याच्या ठरल्या दिवशी तो ती घेऊन ठाण्यात हजर होई. माझा पणजा कामठ्याजवळच्या एका खेड्याचा कोतवाल होता. त्याला अक्षर येत नव्हते. वही त्याच्या काखेत, पण लेखणी दुसऱ्याच्या हातात, शाळेतल्या गुरुजींच्या किंवा पटेलाच्या. तो ओसरीच्या खाली उभा राहून सांगे, वरचा माणूस लिही. नाव, बापाचे नाव, जात, तारीख, मेला असेल तर कशाने मेला : ताप, हैजा, देवी. माझी आजी, म्हणजे त्याची सून, सांगते, "बुढ्याला सगळं तोंडपाठ राहे बाबू. कोणाच्या घरी कधी पोरगं झालं, कोण कधी गेलं. वहीत लिवणारा चुकला तरी बुढा चुकत नव्हता. पण सांगाची सोय नव्हती, का गुरुजी, तुमी चुकले."

हे वाक्य ऐकले तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प होतो. साम्राज्याची आकडेवारी ज्यांच्या पायांवर चालत ठाण्यापर्यंत गेली, त्यांना आपल्याच घरच्या नोंदीतली चूक दाखवण्याचा अधिकार नव्हता.

या वह्यांवर किती भार होता हे समजण्यासाठी दुष्काळाची वर्षे पाहावीत. भंडारा जिल्ह्याची, म्हणजे आजचे भंडारा आणि गोंदिया धरून, लोकसंख्या १८९१ साली सुमारे ७ लाख ४३ हजार होती. १९०१ साली ती ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट ऐंशी हजार माणसे कमी. मध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ. धान हे पाण्याचे पीक. पाऊस रुसला की मालगुजाराच्या कोठीत मागचे धान असते, मजुराच्या मडक्यात काही नसते. त्यामुळे कोणते लोक मेले हे सांगायला तक्ता लागत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने पुन्हा तसाच हात फिरवला. आजी सांगते, त्या साथीत पणज्याच्या घरची तीन माणसे एका पंधरवड्यात गेली आणि तो तिन्ही वर्द्या घेऊन एकाच हजेरीला ठाण्यात गेला. तिचाही तेव्हा जन्म नव्हता. तिने हे सासऱ्याच्या तोंडून ऐकले. माझ्याजवळ त्याचा दुसरा पुरावा नाही, पण मी तो मागणारही नाही.

इंग्रजांची मोजणी मध्यप्रांतात १८६६ साली सुरू झाली. लगेच पुढच्या वर्षी, १८६७ मध्ये, बालाघाट हा नवा जिल्हा करताना भंडाऱ्याचा उत्तरेकडचा काही भाग तिकडे गेला. कामठ्याशी पूर्वी जोडलेली लांजी आज मध्यप्रदेशात आहे. माझ्या आजीचे माहेर तिकडचे. तिकडे आमच्या लोकांना 'मेहरा' म्हणतात, इकडे 'महार'. सोयरिकी एक, देव एक, मरण एक. फक्त हद्द ओलांडली की कागदावर जात बदलते.

पहिल्यापासूनच या गणत्यांत धर्माच्या रकान्यात आम्ही 'हिंदू' होतो. आमच्याकडे कबीरपंथाचा मोठा पगडा होता. पणज्याच्या गळ्यात कंठी होती, घरात मूर्ती नव्हती. तरी तो हिंदू, कारण विचारणाऱ्याला दुसरे काही सुचत नव्हते. मग १९११ च्या जनगणनेपूर्वी आयुक्त गेट यांनी एक परिपत्रक काढले. मुस्लिम नेत्यांनी हिंदूंच्या आकड्याबद्दल आक्षेप घेतल्याची त्याला पार्श्वभूमी होती. कोणत्या जाती ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व मानत नाहीत, कोणाला देवळाच्या आत जाता येत नाही, कोणाकडे चांगला ब्राह्मण पुरोहिताला येत नाही, कोणाच्या स्पर्शाने विटाळ होतो, कोण गोमांस खातात, कोण प्रेते पुरतात, अशा कसोट्या लावून हिंदूंतल्या अशा जातींची वेगळी नोंद करायला त्यांनी सांगितले. सवर्ण पुढाऱ्यांत मोठी खळबळ माजली. शतकानुशतके ज्यांना देवळाच्या पायरीवर येऊ दिले नाही, ते आकड्यांतून वजा होतील म्हटल्यावर एकाएकी 'आपले हिंदू बांधव' झाले. पुढे १९३२ साली लोथियन समितीपुढे याचाच दुसरा अंक झाला. अस्पृश्यांना राजकीय हक्क मिळायचे तर त्यांची संख्या किती हे ठरवणे आले. तेव्हा संयुक्त प्रांतातल्या प्रांतिक समितीने तिथल्या अस्पृश्यांचा आकडा सव्वा कोटीवरून सहा लाखांवर आणून ठेवला! डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या लोथियन समितीचे सदस्य होते. संख्या ही सत्तेची पहिली पायरी आहे, हे त्यांच्याइतके त्या काळी दुसऱ्या कोणी ओळखले नसेल. गोंदियाचे कालीचरण नंदागवळी विसाच्या दशकात मध्यप्रांताच्या कायदेमंडळात बसले, तेही याच जाणिवेच्या आरंभकाळात. १९३१ च्या गणतीत आम्ही 'बहिःस्थ जाती' होतो, १९३६ च्या सरकारी आदेशाने 'अनुसूचित जाती' झालो, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात कुठे कुठे 'हरिजन'. नावे देणारे नेहमी दुसरेच.

स्वतःचे नाव स्वतः घेण्याचा दिवस १४ ऑक्टोबर १९५६ हा होय.

त्याच्या दोन वर्षे आधी बाबासाहेब आमच्या जिल्ह्यात येऊन गेले होते. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्य होता, एक जागा राखीव. बाबासाहेब राखीव जागेवर उभे राहिले आणि काँग्रेसच्या बोरकरांकडून आठ हजारांवर मतांनी पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. आमच्या जिल्ह्याला या पराभवाची लाज अजून आहे, निदान टोलीत तरी आहे. माझा आजा तेव्हा अठरा वर्षांचा होता, त्याला मत नव्हते. पण "मले मत असतं तं" असे तो मरेपर्यंत म्हणत राहिला, जणू त्या एका मताने निकाल फिरला असता. १९५६ च्या ऑक्टोबरात तो गोंदियाहून गाडीने नागपूरला गेला. गाडीच्या टपावर माणसे होती असे तो सांगे. परत आल्यावर त्याने घरातले देव बोडीत सोडले आणि बापाला सांगितले की उद्यापासून मेलेले ढोर ओढायचे नाही. पणज्याने कोतवालकी मात्र सोडली नाही. त्यावरून बापलेकांत अबोला होता.

१ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६१ ची जनगणना आली. या जनगणनेतले आकडे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली बौद्ध होते २,४८७. १९६१ साली झाले २७ लाख ८९ हजार. जगाच्या इतिहासात दहा वर्षांत जनगणनेचा एक रकाना असा भरून आल्याची उदाहरणे थोडी असतील. हा आकडा आमच्या माणसांनी स्वतःच्या तोंडाने सांगून लिहवून घेतलेला आहे. दारात आलेला प्रगणक शाळामास्तर असे, बहुधा सवर्ण. तो 'हिंदू' लिहून पुढे सरकायच्या बेतात असे आणि घरातली बाई उंबऱ्यातून म्हणे, "बौद्ध लिवा गुरुजी." कोतवालाच्या वहीसमोर जे शक्य नव्हते, ते पंचवीस-तीस वर्षांत शक्य झाले होते.

परंतु याच फळ्यावर मी दुसऱ्या बाजूला आणखी चार आकडे लिहितो. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण : १९६१ साली ५.६ टक्के, १९७१ साली ६ टक्के, १९८१ साली ७.१ टक्के, १९९१ साली ११.१ टक्के. मुले शेवटच्या उडीकडे पाहून चक्रावतात. ४४ लाख ८० हजारांचे दहा वर्षांत ८७ लाख ५८ हजार कसे झाले? एवढी बाळे कुठे जन्मली? बाळे जन्मली नाहीत, कायदा बदलला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीत जागा नव्हती. शिखांतल्या चार जातींना तेवढा अपवाद होता आणि १९५६ मध्ये तो सर्व शिखांसाठी झाला. म्हणजे ज्या क्षणी माझ्या आजाने 'बौद्ध' हा शब्द उच्चारला, त्या क्षणी भारत सरकारच्या लेखी त्याची अस्पृश्यता संपली! गावच्या विहिरीवर ती संपली नव्हती, हॉटेलच्या वेगळ्या कपात ती संपली नव्हती. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, हे खरे. केंद्राच्या नोकऱ्या आणि कायदेमंडळातल्या राखीव जागा मात्र १९९० पर्यंत बंद होत्या. चौतीस वर्षे.

राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. १९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेत महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा जागांपैकी अनुसूचित जातींसाठी ३ होत्या, विधानसभेच्या २८८ पैकी १८. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना २००८ साली लागू झाली तेव्हा हेच आकडे ५ आणि २९ झाले. आमच्या गोंदिया जिल्ह्यातली अर्जुनी-मोरगाव ही राखीव विधानसभा जागा या नव्या रचनेतली. धर्मांतराने आपले राजकीय नुकसान झाले असे काही मंडळी यावरून म्हणतात. मला ते पटत नाही. नुकसान धर्मांतराने केले नाही, माणसाने धर्म बदलला की जात गळून पडते असे सोयीने गृहीत धरणाऱ्या कायद्याने केले.

त्या चौतीस वर्षांत घराघरांत काय चालले होते हे आकडे सांगत नाहीत. काही घरांत बाप बौद्ध आणि मुलगा शिष्यवृत्तीच्या अर्जावर हिंदू-महार. काही गावांत प्रगणकानेच परस्पर लिहून टाकलेले. माझ्या वडिलांचे नाव १९६६ साली शाळेत घातले तेव्हा आजाने जातीच्या जागी 'बौद्ध' लिहवले. हेडमास्तरांनी दोनदा विचारले, आजाने दोनदा तेच सांगितले. वडील सातवीपर्यंत शिकले आणि विडीच्या कारखान्यात पाने भिजवायला लागले. त्या शब्दाची किंमत पुढे मी मोजली.

मी घरातला पहिला पदवीधर. प्राध्यापकीच्या राखीव जागेवर निवड झाली आणि जातवैधता प्रमाणपत्र मागितले गेले. एका कार्यालयात मी वडिलांचा दाखला ठेवला. समोरच्या बाबूने तो पाहिला आणि परत केला. "यात बौद्ध आहे. बौद्ध ही जात नाही. १९५० च्या आधीचा 'महार' दाखवा." आजा शाळेत गेला नव्हता. जमीन नव्हती, म्हणून बंदोबस्ताच्या मिसलीत नाव नाही, अधिकार-अभिलेखात नाव नाही. ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याने, काही नसल्याचा कागद आणायचा कुठून? तेव्हा आजीने आठवण दिली, "बुढ्याच्या वहीत पाय ना बाबू."

अभिलेख कक्षात धुळीने भरलेल्या गठ्ठ्यांतून तीन दिवसांनी ते पान निघाले. १९३६ सालची जन्माची नोंद. मुलगा. बापाच्या नावापुढे माझ्या पणज्याचे नाव, आणि जातीच्या घरात वळणदार अक्षरात 'म्हार'. खबर देणाराही तोच, कोतवाल. त्याच्या सहीच्या जागी अंगठा. स्वतःच्या मुलाच्या जन्माची वर्दी देऊन त्याने ती वही ठाण्यात नेली असणार. बाबूने तरीही विचारले, "हे 'म्हार' आहे, 'महार' नाही." अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज करून अकरा महिन्यांनी प्रमाणपत्र मिळाले. आजा ज्या शब्दातून बाहेर पडण्यासाठी गाडीच्या टपावर बसून नागपूरला गेला, तोच शब्द शोधत मी तीन दिवस धूळ खाल्ली, आणि सापडल्यावर मला आनंद झाला. त्या आनंदाचे काय करायचे हे मला अजून कळलेले नाही.

आज गोंदिया जिल्ह्याचे, म्हणजे १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे, २०११ चे आकडे असे आहेत : लोकसंख्या १३ लाख २२ हजार ५०७, अनुसूचित जाती १३.३ टक्के, अनुसूचित जमाती १६.२ टक्के. राज्याची सरासरी अनुक्रमे ११.८ आणि ९.४. म्हणजे दर दहा माणसांत तीन आपली आणि आदिवासींची. दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया. या शेवटच्या आकड्याचे सरकारी समारंभांत फार कौतुक होते. त्या स्त्रिया काय करतात, हे मात्र कोणी पाहत नाही.

जनगणनेच्या भाषेत गावाला 'शहर' कधी म्हणायचे याची कसोटी ठरलेली आहे. नगरपालिका नसेल तर वस्ती किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती धंद्यात. पुरुषांपैकी! गोंदियाच्या भोवतालच्या गावांत गेली शंभर वर्षे तेंदूपानाच्या विड्या वळल्या जातात आणि त्या वळतात मुख्यतः बाया. माझ्या आईने वळल्या, आजीने वळल्या. सूप मांडीवर, पाने कातरीने कापलेली, दिवसाला हजार विड्यांचा हिशेब, त्यातून कारखानदाराचा माणूस 'छाट' काढणार ती वेगळी. हा कारखानदारी धंदा नव्हे तर काय? पण बाईचे काम गाव शहर व्हायला मोजलेच जात नाही. प्रगणकाने विचारले की घरचा पुरुष सांगतो, "घरीच असते." आणि बाई 'बिनकामाची' म्हणून लिहिली जाते. कामठ्यासारख्या गावांच्या लोकसंख्येवर लिहिणाऱ्याने आधी या सुपांची गणती करावी. आमच्या पुरुष कार्यकर्त्यांनाही मी हे सांगत असतो, आणि त्यांना ते फारसे आवडत नाही.

आता पुन्हा गणती येते आहे. २०२१ ची कोविडमुळे राहिली. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत सर्वांचीच जात नोंदायचे ठरवले. संदर्भाची तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. त्यात प्रत्येकाला जात सांगावी लागेल. विद्यार्थ्यांनी त्या मुलीच्या निबंधाची आठवण काढली तेव्हा आम्ही टोलीतल्या बुद्धविहारात एक बैठक घेतली. मी आकडे मांडले. २०११ साली महाराष्ट्रात बौद्ध होते ६५ लाख ३१ हजार, पण त्यांपैकी अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे ५२ लाख. उरलेले तेरा लाख धर्माने बौद्ध नोंदले गेले, अनुसूचित जातींच्या बेरजेत मात्र आले नाहीत. जातीच्या रकान्यात यादीतले नाव सांगितले नाही, 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' एवढेच सांगितले, की तसे होते. म्हणून माझे म्हणणे मी स्पष्ट सांगितले : धर्म बौद्ध, आणि जातीच्या रकान्यात यादीत आहे ते नाव. रकाना सरकारचा आहे, तो आपली ओळख नाही. तिथे आपला हिशेब मांडायचा आहे.

एक तरुण उठला. रेल्वेत नोकरीला आहे, वाचणारा मुलगा. तो म्हणाला, "सर, आमच्या आज्याने जे तोंडातून काढून टाकलं ते तुम्ही पुन्हा तोंडात घ्यायला सांगता." दुसरा म्हणाला, "मग शिष्यवृत्ती घेताना कसं घेतोस?" आवाज चढले. मी दोघांनाही खाली बसवले, पण दोघांपैकी कोणालाही मी खोटे ठरवू शकलो नाही. बायांकडे कोणी वळले नव्हते, तेव्हा माझी आईच बोलली. तिने विचारले, "माह्या धंद्याचा रकाना हाय का? तिथं 'विडी' लिवतीन का?"

बैठक त्या दिवशी निकालाविना उठली. धानाची मळणी आटोपली की पुन्हा बसायचे ठरले आहे, आणि या वेळी बायांना पुढे बसवायचे. त्या मुलीला मी तिचा निबंध परत दिला आहे. शेवटचे वाक्य खोडून तिने टोलीतली घरे एकेक करून मोजायला घेतली आहेत, कोणत्या घरात कोण विड्या वळते यासकट.